गाव नावाचा वॉर्ड

भारतात आज एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला काही कुटुंबं 'दत्तक' मिळतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राम अभ्यासक्रमात घातला, तेव्हापासून हे सुरू आहे. विद्यार्थी पहिल्याच वर्षी एका गावात जातो, तीन ते पाच घरांशी ओळख करून घेतो, त्या घरांतल्या माणसांचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसी यांच्या नोंदी ठेवतो आणि पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा त्याच घरांत जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने पन्नाशीतल्या शेतकऱ्याचं अख्खं कुटुंब दत्तक घ्यायचं! हा शब्द ऐकला तेव्हापासून मला खटकतोय. नक्की कोण कोणाला दत्तक घेतंय?

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. या विषयात शिरलो तो मामेबहिणीमुळे. तिच्या बॅचला गावातला सर्व्हे फोनवर भरता येईल असा फॉर्म हवा होता आणि घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच. तिने पाठवलेल्या कागदी फॉर्मवरून मी रकाने बनवले. पाण्याचा स्रोत, स्वयंपाकाचं इंधन, घर कच्चं की पक्कं, शौचालय आहे की नाही. पहिल्या भेटीच्या दिवशी गावातूनच तिचा फोन आला. "दादा, शौचालय आहे, पण त्यात सरपण भरून ठेवलंय. काय टिक करू?"

मी 'इतर' नावाचा रकाना वाढवून दिला. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मेडिकल कॉलेजात हजार पानांची पुस्तकं आहेत, दवाखाना आहे, पेशंटची रांग आहे. तरीही शिकण्यासाठी गावात जायला हवं, सरपण भरलेलं शौचालय बघायला हवं, हे पहिल्यांदा कोणाला सुचलं? शोधत गेलो तर धागा वर्ध्याला गेला, तिथून नाशिकला, कलकत्त्याला आणि शेवटी, मला मुळीच अपेक्षा नव्हती अशा ठिकाणी, पेकिंगला पोचला.

पेकिंग म्हणजे आताचं बीजिंग. तिथे रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर उभं राहिलेलं पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज होतं. इमारती देखण्या, प्रयोगशाळा अमेरिकेच्या तोडीच्या, शिकवणं इंग्रजीतून. तिथे १९२१ साली जॉन ग्रँट नावाचा एक डॉक्टर सार्वजनिक आरोग्य शिकवायला आला. बाप कॅनडाचा मिशनरी डॉक्टर, पण ग्रँट जन्मला आणि वाढला चीनमध्येच. त्याला एक गोष्ट लगेच दिसली. सर्जरी शिकवायला ऑपरेशन थिएटर आहे, मेडिसिन शिकवायला वॉर्ड आहे. आरोग्य शिकवायला काय आहे? फळा आणि खडू.

मग त्याने वॉर्ड मिळवला. कॉलेजच्या आसपासचा शहराचा एक भाग, साधारण लाखभर वस्तीचा, १९२५ साली पोलीस खात्याच्या संमतीने 'हेल्थ स्टेशन' म्हणून ताब्यात घेतला. आता या वस्तीतले जन्म-मृत्यू नोंदणं, सुइणींना शिकवणं, शाळांतली मुलं तपासणं, घरोघरी नर्स पाठवणं ही कामं कॉलेजची. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाळी जशी सर्जरीच्या वॉर्डात लागायची, तशीच ती या वस्तीत लागू लागली. म्हणजे वस्ती हाच वॉर्ड.

ही कल्पना मला फार आवडते. त्यात दयेचा लवलेश नाही. गरिबांची सेवा करा, पुण्य लागेल, असं ग्रँट म्हणत नव्हता. तो सांगत होता की ज्या गोष्टीवर उपचार करायचे ती गोष्ट डोळ्यांसमोर नसेल तर शिकणार कसं? आमच्या धंद्यात ज्याने युजरला कधी पाहिलेलं नाही असा डेव्हलपर सुंदर आणि निरुपयोगी अ‍ॅप बनवतो. तसंच काहीसं.

त्याचा एक विद्यार्थी चेन झीचियान पुढे डिंगशियान नावाच्या ग्रामीण भागात गेला आणि १९३२ नंतर त्याने तिथे साध्या शेतकऱ्यांना लस टोचायला, जन्म-मृत्यू लिहायला, जखमा बांधायला शिकवलं. माओच्या काळातल्या 'अनवाणी डॉक्टरां'बद्दल तुम्ही ऐकलं असेल, तर त्यांचे पूर्वज हे. पण आपल्याला ग्रँटच्या मागे जायचंय. १९३९ साली तो कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचा संचालक झाला. त्याच वर्षी हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरमध्ये या संस्थेसाठी ग्रामीण शिक्षण केंद्र सुरू झालं. हो, टाटांच्या नॅनोमुळे आपल्याला माहीत झालेलं तेच सिंगूर.

आता नाशिक. सर जोसेफ भोर १८७८ साली नाशिकला जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, आयसीएस झाले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली आणि अध्यक्षपद भोरांना दिलं. सदस्यांत बिधानचंद्र रॉय होते, लक्ष्मणस्वामी मुदलियार होते आणि पेकिंगहून आलेले आपले ग्रँटही होते. भोर समितीचं नाव स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये एका ओळीत येतं. '१९४६, प्राथमिक आरोग्य केंद्र' असं पाठ करायचं आणि पुढे जायचं. नाशिकच्या माणसाने लिहिलेला हा अहवाल मराठीत एवढा अपरिचित का, हे मला कळलेलं नाही.

अहवालातलं चित्र भयाण आहे. जन्मलेल्या हजार मुलांमधली १६२ वर्षाच्या आत दगावतात. सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्या आसपास. साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि ते डॉक्टर बहुतेक शहरांत. नर्सेस तर देशभरात मिळून सात हजारांच्या घरात. यावर समितीने दवाखान्यांचा आराखडा दिला, तो प्रसिद्ध आहे. पण तेवढाच महत्त्वाचा भाग शिक्षणाचा होता. उद्याचा डॉक्टर 'सामाजिक वैद्य' असला पाहिजे, लोकांना आजारांपासून वाचवणारा आणि नीट जगण्याची वाट दाखवणारा, असं समितीचं म्हणणं. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा विभाग असावा आणि विद्यार्थ्याला त्या विषयाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळावं. ग्रँटचं पेकिंग इथे सरकारी इंग्रजीत उतरलेलं स्पष्ट दिसतं.

याच अहवालात एक दुसरी शिफारस आहे, जिने पहिलीच्या पायाखालची जमीन काढून घेतली असं माझं मत आहे. तेव्हा देशात दोन प्रकारचे अ‍ॅलोपॅथी डॉक्टर होते. एक एमबीबीएस आणि दुसरे कमी काळाचा कोर्स केलेले लायसेन्शिएट, म्हणजे एलएमपी. एलएमपी संख्येने जास्त होते. जुन्या लोकांना विचारा, तालुक्याच्या गावचे 'एलएमपी डॉक्टर' आठवतात. समितीच्या बहुमताने ठरवलं की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, एलएमपीचं शिक्षण बंद करा. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, की डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना हे परवडणार नाही. त्यांचं कोणी ऐकलं नाही. गावाच्या जवळ राहणारा डॉक्टर घडवणारी शाळा बंद झाली आणि शहरात घडलेल्या डॉक्टरला गाव दाखवायची योजना सुरू झाली. पुढची पंचाहत्तर वर्षं आपण हेच दाखवणं नव्या नव्या नावांनी करतोय.

इथे जरा दक्षिण आफ्रिकेत डोकावतो, कारण तिथे याच वर्षांत हेच घडत होतं आणि तिथली गोष्ट जास्त धारदार आहे. नाताळ प्रांतातल्या फोलेला या झुलू वस्तीत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने १९४० साली आरोग्य केंद्र काढलं. त्यांनी स्थानिक तरुणांना हाताशी धरून घर न् घर नोंदवलं. मुलांचं कुपोषण दिसलं तेव्हा त्याची कारणं धूप झालेल्या जमिनीत सापडली, म्हणून परसबागा लावल्या. सिफिलिस दिसला तेव्हा त्याचा माग खाणींत कामाला जाणाऱ्या आणि वर्षातून एकदा घरी येणाऱ्या पुरुषांपर्यंत गेला. मग १९५१ साली डर्बनला काळ्या आणि भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी मेडिकल कॉलेज निघालं आणि कार्कांची पद्धत तिथे शिकवली जाऊ लागली. रोगाचं कारण शोधता शोधता विद्यार्थी वर्णभेदाच्या कायद्यापर्यंत पोचतो हे सरकारलाही कळत होतं. दशकभरात सगळं मोडीत निघालं आणि कार्क जोडपं जेरुसलेमला निघून गेलं. डर्बनजवळच गांधींचा फीनिक्स आश्रम होता. गांधी तिथून कधीच परतले होते, पण हा योगायोग मला नमूद करावासा वाटतो, कारण पुढची गोष्ट सेवाग्रामची आहे.

गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे १९४०मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आल्याआल्या स्वतः गांधींनाच मलेरिया झाला. याच माणसाने १९०९च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि दवाखाने यांच्यावर इतकं कडक लिहिलंय की आज ट्विटरवर टाकलं तर दोन दिवस ट्रेंड होईल. त्याच माणसाच्या नावाने, त्याच्याच आश्रमाशेजारी मेडिकल कॉलेज उभं राहिलं. हे घडवलं सुशीला नय्यर यांनी.

नय्यर पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या भागातल्या. गांधींचे सचिव प्यारेलाल यांची ही धाकटी बहीण. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकल्या आणि सेवाग्रामला गांधींच्या डॉक्टर झाल्या. आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबा आणि गांधींबरोबर होत्या. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या. त्याच सुमारास सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचा छोटा दवाखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर नय्यर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि १९६२ ते ६७ देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपद गेल्यावर माणसं सहसा दिल्लीत बंगला टिकवायच्या मागे असतात. या बाईंनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली.

या कॉलेजने ग्रँट आणि भोर यांची कल्पना घेतली आणि तिला आश्रमाची शिस्त जोडली. प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी होतंच, शिवाय गांधीविचाराचा पेपर होता. प्रवेश मिळाला की पहिले पंधरा दिवस मुलं आश्रमात राहणार. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, श्रमदान. अंगावर खादी. त्यानंतर पहिल्या वर्षातच दुसरा पंधरवडा, यावेळी गावात. सगळी बॅच एका गावात मुक्कामाला जाते. प्रत्येकाकडे चार-पाच कुटुंबं. मुलं घराची पाहणी करतात, कोण काय खातं ते लिहितात, मोठे डॉक्टर तपासायला येतात तेव्हा आपल्या कुटुंबाला सोबत आणतात. आणि कोर्स संपेपर्यंत महिन्याच्या महिन्याला त्याच घरी जात राहतात. बॅचचं एक गाव ठरलं की ठरलं.

अ‍ॅनाटॉमीचं पहिलं हाड हातात येतं त्या वर्षात हे होतं, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला औषध देता येत नाही, रोग ओळखता येत नाही. देण्यासारखं त्याच्याकडे काहीच नसतं. म्हणून त्याला ऐकावंच लागतं. डॉक्टर झाल्यावर गावात गेलेला माणूस सांगायला लागतो, पहिल्या वर्षाचा पोरगा विचारत बसतो. 'जेवणानंतर दिवसातून तीनदा' असं लिहिलेली गोळी दोनदाच जेवणाऱ्या घरात कशी घेतली जाते, हे फार्माकॉलॉजीचं पुस्तक सांगत नाही. पांढऱ्या पडलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन का फरक पडत नाही, हे तिच्या घरी गेल्यावर समजतं. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून डबा फळीवर पडलेला असतो, ती अनवाणी शेतात जाते म्हणून पोटात जंत असतात आणि घरात सगळ्यात शेवटी जेवायला बसणारी तीच असते. यातली पहिली दोन कारणं दोन वेगवेगळ्या विभागांची आहेत. तिसरं कुठल्याच विभागाचं नाही.

सेवाग्रामला गावाने कॉलेजला शिकवलेली सगळ्यात भारी गोष्ट मात्र ज्वारीची. मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्याबरोबरची मंडळी आसपासच्या गावांत जात होती. १९८०च्या आसपास तिथे आरोग्य विम्याची एक पद्धत तयार झाली. 'विमा' म्हटल्यावर आपल्याला एजंटचे फोन आठवतात. इथे हप्ता ज्वारीत होता. शेतकऱ्याकडे पैसा वर्षभर नसतो, सुगीला धान्य असतं. म्हणून हप्ता सुगीला, तोही ऐपतीप्रमाणे. जास्त जमीन असलेल्याने जास्त पायल्या द्यायच्या, मजुराने कमी. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. एकट्यादुकट्याने सामील व्हायची सोय नव्हती, गावातली बहुसंख्य घरं आली तरच योजना. सिस्टिम डिझाइन म्हणून बघितलं तर हे चोख काम आहे. आजारी पडणाराच तेवढा विमा घेतो, या प्रत्येक विमा कंपनीला छळणाऱ्या दुखण्यावर गावकीचा उपाय काढलेला. हे वर्ध्याच्या शिवारात सुचलं. आता त्या शिवारात ज्वारी कमी दिसते, सोयाबीन आणि कापूस जास्त.

साधारण त्याच काळात नगर जिल्ह्यातल्या जामखेडला उलट्या टोकाने प्रयोग चालला होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. नय्यरबाईंसारखेच तेही जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि थोड्याच काळात त्यांना दिसलं की गावात शिकायला सगळ्यात तयार कोणी असेल तर गावातल्याच बायका. बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षयरोग यांबद्दल शिकवलं. या बायकांनी त्या भागातले बालमृत्यू खाली आणले. डॉक्टरला गाव शिकवण्यापेक्षा गावाला डॉक्टरी शिकवणं सोपं जातं की काय, अशी शंका जामखेडचं वाचताना येते. मेडिकल कॉलेजांना ही शंका आवडण्यासारखी नाही.

सरकारही स्वस्थ नव्हतं. १९७५ साली श्रीवास्तव समितीने पुन्हा सांगितलं की वैद्यकीय शिक्षण लोकांपासून तुटलंय. त्यातून १९७७मध्ये 'रोम' योजना आली, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना. प्रत्येक कॉलेजने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यायची, विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांनी तिथे जायचं. त्यासाठी ब्रिटनच्या मदतीने मोठमोठ्या फिरत्या दवाखान्याच्या गाड्या आल्या. आतून एकदम सुसज्ज. फक्त आपल्या गावांच्या रस्त्यांवर त्या मावेनात. ज्या योजनेचा उद्देशच गाव समजून घेणं हा होता, तिच्यासाठी मागवलेल्या गाडीने गावचा रस्ता पाहिला नव्हता. यापुढे मी काही लिहायची गरज नाही.

रोमचा उत्साह ओसरला आणि गावात जाण्याचा अर्थच बदलत गेला. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. बाँड. जनतेच्या पैशावर शिकलात, फेडा. मागणी चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण ग्रँटच्या पेकिंगमध्ये वस्ती हा वर्ग होता, बाँडमध्ये गाव हा ईएमआय आहे. ईएमआय कोणी प्रेमाने भरत नाही. मुलं ते वर्ष आरोग्य केंद्रात नीट-पीजीच्या प्रश्नपेढ्या सोडवत काढतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांना दोष देणं सोपं आहे. ज्याला पाच वर्षांत गाव कधी शिकण्याची जागा म्हणून भेटलंच नाही, त्याला सहाव्या वर्षी ते शिक्षाच वाटणार. सेवाग्रामनेही पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षं ग्रामीण सेवेची अट घातली होती. तिथे निदान आधी शिबिर होतं, मग अट. पुढे देशभर नीट आली आणि सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा गांधीविचाराच्या पेपरसकट बंद झाली.

म्हणून २०२२चा कार्यक्रम मला एका अर्थाने बरा वाटतो. त्याने गाव पुन्हा पहिल्या वर्षात आणलं. सेवाग्रामने जे एका कॉलेजात केलं ते आता सगळ्या कॉलेजांवर बंधनकारक आहे. पण मुक्कामाचा पंधरवडा आणि तासांचा हिशेब यांत फरक आहेच. पहिल्या वर्षी २७ तास, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २१. बस सकाळी गावात येते, दुपारी परत जाते. रात्री मुलाला ताप चढतो तेव्हा घरात काय होतं, वीज गेल्यावर पाणी कुठून येतं, दारू पिऊन कोण किती वाजता परततो, हे दुपारपर्यंत दिसत नाही. शिवाय वर्षाला शे-दीडशे मुलांची नवी बॅच. प्रत्येकी तीन घरं धरली तरी दरवर्षी तीनशे ते साडेचारशे नवी घरं लागणार. काही वर्षांत कॉलेजजवळच्या गावांमध्ये एकाच बाईचा रक्तदाब किती जणांनी मोजलेला असेल? आणि तो वाढलेला निघाला तर पुढची गोळी कोणी द्यायची, कोणत्या महिन्यापर्यंत? सेवाग्रामच्या ज्वारीच्या योजनेत गावाकडे निदान पावती होती, तिच्या जोरावर ते दवाखान्याशी भांडू शकत होतं. दत्तक गेलेल्या कुटुंबाकडे काय आहे?

ही विद्यार्थ्यांची टोळी गावात शिरते तेव्हा बहुतेक ठिकाणी पुढे चालणारी बाई आशा कार्यकर्ती असते. २००५नंतर देशभर आलेल्या या आशाताई, जामखेडच्या त्या बायकांच्या दूरच्या नातलग म्हणायला हरकत नाही. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कुठे कुत्रं चावरं आहे, कोणत्या सासूशी आधी बोलावं लागतं, हे तिला पाठ असतं. तिला पगार नसतो, कामामागे मोबदला आणि वर काही मानधन मिळतं. पहिल्या भेटीत मुलांना घरात कसं बसायचं आणि कुठला प्रश्न आत्ता विचारायचा नाही, हेही तीच सांगते. मी दोन-तीन कॉलेजांची लॉगबुकं पाहिली. प्रत्येक भेटीखाली विद्यार्थ्याची सही, मार्गदर्शक प्राध्यापकाची सही आणि विभागप्रमुखांचा शिक्का यांसाठी जागा आहे. आशाताईच्या सहीचा रकाना एकाही लॉगबुकात नव्हता.